चुलीत गेलेला जन्मदाखला

२०१५च्या सुमाराला मी जर्मनीत नेकारसुल्मच्या कार कारखान्यात इंजिनिअर होतो. मुलगी झाली म्हणून तिची नोंद करायला श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी माझा जन्मदाखला दोनदा उलटसुलट केला. "जन्मानंतर नोंद तीन वर्षांनी कशी?"

मी सांगितलं, आमच्या तालुक्याच्या कचेरीला आग लागली होती. सगळी दप्तरं गेली. अजूनही तिकडे लोक आगीच्या आधी, आगीच्या नंतर अशीच वर्षं मोजतात. मग प्रतिज्ञापत्रावर नव्या नोंदी झाल्या; माझं प्रतिज्ञापत्र बाबांनी दिलं.

"आमचीही जळाली होती, युद्धात," बाई म्हणाल्या. "लोकांनी घरातल्या नकला आणून दिल्या. तुमच्या घरी नव्हती?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाला खोटं ठरवणारी ही कोण? प्रत्येकाच्या घरी तुमच्यासारख्या फायली लावलेल्या नसतात, असं मी चढ्या आवाजात सुनावलं. बाईंनी शिक्का मारला. जिरवली एकदाची, असं वाटून मी बाहेर पडलो.

नक्कल होती. आगीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी ती ट्रंकेतून काढून चुलीत घातली. सरकारी नोकरीला वयाची अट असते, वय कमी लिहून दिलं की पोराला दोन वर्षं जास्तीची मिळतील, असं ते आईला म्हणाले. ती नोकरी मी कधी केलीच नाही.

कागदाप्रमाणे मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. तीन वर्षांच्या पोराला असलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.