अठरा सेकंदांची लाट

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी पाचला चहाचं आधण चढतं आणि मग समुद्र उघडतो. समुद्र उघडतो, हे शब्द गुलाबरावांचे. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस कूस बदलत बायकोला विचारतो, “उघडला का तुहा समुद्र?” आणि उत्तर यायच्या आत पुन्हा घोरू लागतो.

प्रमोदिनी लॅपटॉपवर झुकते. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं तिने सिंचन खात्याच्या ऑफिसात धरणांच्या पाण्याची पातळी लिहिली. धरणावरचा माणूस फोनवर आकडा सांगायचा, ती रकान्यात उतरवायची. धरणाचं पाणी एकाच गोष्टीने ओळखायचं असतं, ते किती उंच आहे. उंची कळली की झोपायला हरकत नाही. एकतीस वर्षांत ही समज तिच्या हाडांत उतरली.

निवृत्तीनंतर मागच्या गल्लीतला पराग तिच्याकडे आला. हा पराग इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून ओडिशाच्या किनाऱ्यावर गेला होता आणि तिथे लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवत होता. आता तिशी उलटलेली, उन्हाने रापलेला. त्याची गिऱ्हाईकं बहुतेक रायपूरचीच. रात्रीच्या गाडीने निघण्याआधी उद्या लाटा कशा असतील हे त्यांना इथेच कळायला हवं होतं.

“काकू, तुम्ही जिंदगीभर पाणीच मोजलं,” तो म्हणाला, “आता थोडं खारं मोजा.”

ती शिकली. वाऱ्याचे नकाशे, भरती-ओहोटी, समुद्रात तरंगणाऱ्या यंत्रांचे आकडे. रोज सकाळी ती तीन ओळी पाठवायची आणि शेवटी एक रंग. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे रेतीवरच राहा. पराग तीन ओळी खोडून फक्त रंग गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. म्हणायचा, “लंबा कोणी वाचत नाही, काकू.”

मागच्या मे महिन्यात एका सकाळी लाटेची उंची साठ-सत्तर सेंटिमीटर दिसली. गुडघ्याएवढी. तिने हिरवा दिला. दोन लाटांमध्ये सतरा सेकंदांचं अंतर आहे, हेही पडद्यावर होतं. तिने वाचलं आणि सोडून दिलं. धरणाच्या पाण्याला सेकंद नसतात. इतक्या सेकंदांच्या अंतराची लाट हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या वादळात जन्मते, सहा-सात दिवस चालत येते, आणि उथळ पाण्यात आल्यावर उभी राहते. मधली वीस मिनिटं पाणी ताटासारखं सपाट असतं. मग चार-पाच लाटा येतात, आणि परत जाणारं पाणी जे हाती लागेल ते ओढून नेतं. त्या दिवशी श्रावणी नावाची बारा वर्षांची मुलगी ओढली गेली. कोळ्यांनी तिला बाहेर काढलं. खांदा निखळला होता, एवढ्यावर निभावलं.

प्रमोदिनीला हे आठवड्याने कळलं, हात गळ्यात बांधलेल्या मुलीचा फोटो पाहून. तिला कोणी काही बोललं नाही. तेव्हापासून ती सेकंद आधी वाचते. आणि तेव्हापासून तिला झोपून उठल्यासारखं वाटत नाही.

या शनिवारी पडद्यावर उंची साठ सेंटिमीटर होती. सेकंद अठरा.

इथल्याच तेलीबांध्याच्या एका सोसायटीतली बावीस मुलं उन्हाळी शिबिरासाठी त्याच सकाळी किनाऱ्यावर पोचली होती. तिने परागला लाल पाठवला. सव्वासातला फोन वाजला.

“काकू, लाल काहून? इथल्यापेक्षा तर तेलीबांध्याच्या तलावात जास्त लाटा राहते.”

“उंची नको पाहू. दक्षिणेच्या यंत्रानं रात्रीच लाट पकडली आहे. अकराच्या सुमारास ती तुह्याकडे येईन.”

“अकरा! बावीस लेकरं आहेत. आई-बापांना लाटेवरचे फोटो पाहिजे, रेतीवरचे नाही. लेकरं मले ‘भैया, कब, भैया, कब’ करून राहिले.”

“थांब ना बाबा थोडं.”

“मागच्या वर्षीपासून तुम्ही घाबरून राहिल्या, काकू. सच बोलू?”

तिने पडद्यावरच्या अठरावर बोट ठेवलं. मग वर्षभर जे कोणाला बोलली नव्हती ते अगदी सपाट आवाजात बोलली. “श्रावणीचा खांदा माह्या हिरव्यानं निखळला.”

“ते झालं गेलं. समुद्र आहे, चालते.”

“समुद्राले मी हिरवं म्हटलं होतं, पराग. समुद्रानं नाही.”

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. शेवटी पराग म्हणाला, “ठीक आहे. अकरापर्यंत रेतीवर प्रॅक्टिस. त्याच्या पुढे नाही. हव?”

“हव.”

अकरा वाजले. त्याने फोटो पाठवला. पाणी गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ, आणि दूर एक होडी झोपल्यासारखी. पाठोपाठ फोन. “आली का तुमची लाट? धरण नाही हे काकू, गेट उघडलं आणि टायमावर पाणी आलं. मी उतरवून राहिलो.”

तिने गणित पुन्हा केलं होतं. चूक सापडत नव्हती, पण नसेलच अशी खात्रीही नव्हती. कदाचित लाट वाटेतच विरली असेल. कदाचित ती स्वतःच विरत चालली असेल, आकड्यांच्या मागे. भांडायला अंगात जोर नव्हता.

“उतरव,” ती म्हणाली. “पण आधी ग्रुपवर लिही. काकूनं लाल दिला होता, मी हिरवा केला. आई-बापांना वाचू दे. मग उतरव.”

फोन कट झाला.

तिने ग्रुप उघडला. काही नव्हतं. पराग आता लिहीत असेल म्हणून तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग आणखी पाच. न लिहिताच मुलांना उतरवलं असेल तर? तिने फोन लावला. त्याने उचलला नाही. गुलाबराव गवारीच्या शेंगा घेऊन तिच्यासमोर बसले. एरवी त्यांनी दोन टोमणे मारले असते. आज ते शेंगा मोडत राहिले.

“जेवून घे.”

“नको.”

“तू उपाशी राहिली म्हणून लाट मागं जाईन का?”

ती हसली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

पाऊण वाजता व्हिडिओ आला. पाणी तंबूच्या खुंट्यांपर्यंत चढलेलं, दोन फळ्या वाहत चाललेल्या, आणि वरच्या उंच रेतीवर मुलं किंचाळत, उड्या मारत. तिने डोकी मोजली. चौदा. चित्र हललं. पुन्हा पहिल्यापासून. सतरा. पुन्हा सोळा. नऊ सेकंदांत व्हिडिओ संपत होता आणि बावीस होत नव्हते. तिने फोन लावला. लागला नाही. गुलाबरावांनी आपल्या फोनवरून लावला. तोही लागला नाही. अशी वीस मिनिटं दोघं दोन फोन कानाला लावून बसले होते.

मग परागचा फोन आला.

“पराग, लेकरं?”

“जेवून राहिले. मोजले. बावीस.” त्याचा श्वास अजून बसला नव्हता. “ग्रुपवर टाईप केलं होतं, काकू. तुम्ही म्हणाल्या तसं. पाठवायच्या वेळी बोटच उठलं नाही. मग म्हटलं, जाऊ दे, रेतीवर कबड्डी घेतो.” मग त्याचा जुना आवाज परत आला. “पण टाइम चुकला तुमचा. अकरा म्हणाल्या, आली साडेबाराला. बावीस पोट्टे दीड घंटा जास्त सांभाळणं काय असते तुम्हाले मालूम नाही. माह्या दोन फळ्या गेल्या.”

“हव,” ती म्हणाली. “चुकला टाइम.”

“आणि उद्या?”

“उद्याही लाल. परवाही बहुतेक.”

“मारून टाका मले.”

तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. श्रावणीचा खांदा होता तिथेच होता. फक्त पाठ एकाएकी इतकी दुखू लागली की बसवेना. ती खाटेवर आडवी झाली, पदर डोळ्यांवर ओढून. गुलाबरावांनी तिला न विचारता भाताचा कुकर लावला. दुसरी शिटी तिला ऐकू आली. तिसरी झोपेत गेली.