मामाची मांडी आणि बंद आकाश

आमचा नातू आयुष एसटीत बसला की कंडक्टर हमखास विचारायचा, "काय गं छकुली, कुठं निघालीस?" मग आयुष दोन्ही वेण्या हलवून ठणकावायचा, "मी मुलगा आहे!" अख्खी गाडी हसायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायची. आता कंडक्टरला काय सांगणार, कपाळ? की बाबा रे, तिकडे लांब परदेशात दोन देशांची जुंपलीय, विमानांचे रस्ते बंद झालेत, म्हणून आम्हाला ह्या पोराच्या वेण्या घालाव्या लागतात?

पण खरं तेच होतं. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मूल मामाने मांडीवर घ्यायचं, न्हाव्याने पहिले केस उतरवायचे आणि आत्याने ते पदरात झेलायचे. तेही पहिल्या वर्षी, नाहीतर तिसऱ्या. पहिल्या वर्षी आयुषला कांजिण्या आल्या आणि राहिलं. आता तिसरं चालू होतं, तेही सरत आलेलं. एकदा वाढदिवस झाला की लागलं चौथं. चौथं चालत नाही, मग थेट पाचवं. म्हणजे पोरगं वेण्या घालून शाळेत जाणार! आणि आयुषला मामा एकच. माझा रविराज. तो पायलट.

आम्ही नाशिकच्या सिडकोतली साधी माणसं. आमचे हे, निवृत्ती, अंबडला एका कारखान्यात प्रेसवर उभे राहून रिटायर झाले. उभे राहून म्हणजे खरोखर उभे राहून, मशीनपुढे स्टूल नसायचं. माझं माहेर दिंडोरीकडचं. हात वर करून द्राक्षाच्या घडांची विरळणी करण्यात माझं लहानपण गेलं. आमच्या घरात 'दमलो' हा शब्द कुणी काढायचा नाही. काढलाच तर मी म्हणायची, "दमायला काय झालं? डोंगर फोडून आलास?"

आणि रविराजचं काम तर बसून! खुर्ची गादीची, समोर काच, चहा हातात आणून देतात. हा उजव्या खुर्चीत, डाव्या खुर्चीत कॅप्टन. मुंबईहून युरोपात जायचं नि परत यायचं. सुरुवातीला फोनवर म्हणायचा, "आई, फार दमलो गं." मी म्हणायची, "बसून बसून कोण दमतं रे?" तो हसायचा. पुढे पुढे त्याने ते म्हणणंच सोडलं.

जावळाची पहिली तारीख धरली, तिच्या आदल्या दिवशी माझ्या गॅसवर पुरण शिजत होतं आणि फोन आला. "आई, वाटेतलं आकाश बंद केलंय. लांबून वळसा घालावा लागला, इंधन कमी पडलं, म्हणून मधेच एका ठिकाणी उतरलो. आता आमचे कामाचे तास संपले. नियमाने उडवता येत नाही. हॉटेलात बसलोय."

"हॉटेलात बसलायस? मग ये की इकडे!"

"विमान इथेच उभं आहे आई. कसा येऊ?"

"दुसऱ्याच्या विमानात बस!"

"दुसऱ्याचंही इथेच उभं आहे."

माझ्या मुलीच्या, योगिनीच्या, सासूबाई म्हणजे शकुबाई. दिंडोरीच्या बागायतदार आणि जिभेला धार. त्यांनी लगेच फोन केला. "आभाळाला कुठं कुलूप असतंय का, विहीणबाई? पोराला यायचंच नसंल तर तसं सांगा की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तुमच्या शेताकडचा पूल खचला होता, तेव्हा तुमचा ट्रॅक्टर वळसा घालून यायचा ना? तसंच असतं वर!" बोलले तर ठसक्यात, पण मला तरी कुठं काय माहीत होतं? फोन ठेवला आणि लेकाला लावून त्याला सोलून काढला.

त्या दिवसापासून मी बातम्या बघायला लागले. भाजीवाली मला कोथिंबिरीचा भाव सांगायची, मी तिला कुठलं आकाश उघडलं ते सांगायची. टीव्हीवरचा माणूस नकाशावर लाल रंग फासायचा आणि मी त्याच्याशी भांडायची, "अरे मेल्या, काल तर म्हणालास उघडलं म्हणून!" आमचे हे म्हणायचे, "अगं, त्याला ऐकू येत नाही." मी म्हणायची, "म्हणूनच मोठ्याने बोलतेय."

दुसऱ्या तारखेला रविराज मुंबईत होता, सुट्टीवर होता, आणि तरी आला नाही. का, तर रोस्टर बदललं. रोस्टर म्हणजे त्यांच्या पाळ्या. मोबाइलवर येतात आणि त्या दिवसांत आमच्या नळाच्या पाण्यासारख्या झाल्या होत्या, कधी येतील कधी जातील नेम नाही. रस्ता लांबला की एका विमानाला पायलट जास्त लागतात, आणि माणसं तर तेवढीच.

"अरे पण सुट्टी आहे ना तुला?" मी म्हटलं.

"होती. कंपनीने विचारलं, येतोस का म्हणून."

"आणि तू?"

"हो म्हटलं. सगळेच अडकलेत आई. नाही कसं म्हणू?"

मोबाइल आपटता येत नाही ही फार मोठी गैरसोय आहे. मी पोळपाट आपटला.

मग शकुबाईंनी तोडगा काढला. "तुमच्या दिराचा अमित हाय की. चुलत तर चुलत, मामाच ना? त्याच्या मांडीवर बसवू आन् मोकळं होऊ." तशी योगिनी रडायलाच लागली. "माझा सख्खा भाऊ असताना मला चुलत मांडी नको. दादाने आयुषला जन्मल्यापासून दोनदा पाहिलंय, दोनदा! एवढं एक तरी त्याच्या मांडीवर होऊ दे." लेक रडली की मला काही सुचत नाही. मी पदर खोचला.

रविराजला म्हटलं, आता तारीख तू सांग, मुहूर्त आम्ही त्यावर बसवतो. तो म्हणाला, "युरोपातून परत आलो की सुट्टी असते आई, पण ती—" पुढचं मी ऐकलंच नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी! अंबडच्या कारखान्यातला माणूस सुट्टीला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला जातो. ही त्याहून वेगळी काय असणार? मी गुरुजींना तारीख सांगून टाकली. वाढदिवसाच्या आधीचा तो शेवटचा मुहूर्त होता. हा हुकला की गेलं.

वणीच्या गडाच्या पायथ्याला, नांदुरीत, छोटासा मांडव घातला. देवीला नैवेद्य गेला. वणीचे पुंजाराम न्हावी वस्तरा परजून बसले. रविराजचं विमान सकाळी मुंबईत उतरणार होतं. त्याला आणायला आमच्या कॉलनीतल्या धम्मपालला टॅक्सी घेऊन पाठवलं होतं. माझा जीव नुसता टांगणीला. गुरुजी घड्याळाकडे बघायचे, शकुबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी रस्त्याकडे.

शेवटी आली एकदाची गाडी! धम्मपाल उतरला आणि दार उघडायच्या आधी हळूच म्हणाला, "काकू, साहेब कसाऱ्याच्या घाटात झोपले ते झोपलेच. इगतपुरीला चहाला उठवलं, तर कप हातात धरून झोपले. चहा सांडला नाही पण!"

रविराज उतरला. डोळे लालबुंद, पाय एकीकडे, अंग एकीकडे. शकुबाई माझ्या कानाशी लागल्या, "पिऊन आला का काय?"

"जीभ आवरा," मी म्हटलं. "उडायच्या आधी त्यांना नळीत फुंकून दाखवावं लागतं. तुमच्या गावात किती जण पास होतील?"

रविराज हसला. "आई, पुन्हा एक आकाश बंद झालं गं वाटेत. पण आलो." त्याला धड बोलूही दिलं नाही मी. टोपी घातली, पाटावर बसवला, पाठ मांडवाच्या खांबाला लावली आणि आयुषला मांडीवर दिला.

आता आयुषचं सांगते. ह्या पोराने डॉक्टरला चावा घेतलेला आहे. कात्री दिसताच त्याने पाय झाडायला सुरुवात केली. पुंजाराम म्हणाले, "मामा, गच्च धरा बरं. पोरगं हललं तर वस्तरा लागंल." आमचे जावईबापू शेखर खुळखुळा घेऊन समोर नाचायला लागले. आयुषने भोकाड पसरायला तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं. कारण त्याच्या डोक्यावर कुणीतरी घोरत होतं.

रविराज! बसल्या बसल्या! भर मुहूर्तावर!

"मामा झोपला!" शकुबाई कडाडल्या. "जावळात मामा झोपला! असं कुठं असतंय का?"

माझं रक्त उसळलं. इतके महिने मी ह्याच्यासाठी विहिणीची बोलणी खाल्ली, टीव्हीशी भांडले, आणि हा घोरतोय? चांगला चिमटा काढायला म्हणून उठले, तर आयुषने ओठांवर बोट ठेवलं. "आजी, शूऽऽ. मामा गाई करतोय."

आणि ते द्वाड पोरगं गप्प बसलं. मान हलवेना, पाय झाडेना. पुंजारामांनी भराभर वस्तरा चालवला. आयुषची आत्या निकिता पदर पसरून केस झेलत होती. "लय जावळं काढली," पुंजाराम म्हणाले, "पण आसा मामा नाय पाह्यला. हात बघा त्याचे."

मी बघितलं. मान छातीवर पडलेली, पण दोन्ही हात पोराभोवती गच्च, विमानातला पट्टा बांधावा तसे. आणि कानाजवळ पांढरे केस. माझ्या लेकाचे केस पांढरे व्हायला लागलेत आणि मला माहीतही नाही! चिमटा काढायला नेलेला हात मी तसाच त्याच्या टोपीवर ठेवला.

जावळ झालं. आयुष तुळतुळीत डोक्याने मांडीवरून अलगद उतरला आणि रविराज हळूहळू कलला, तसा आम्ही त्याला सतरंजीवरच आडवा केला. योगिनीने त्याच्या डोक्याखाली आयुषच्या कपड्यांची पिशवी सारली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मी झडप घालून काढला.

"सर, गुड आफ्टरनून—"

"सर झोपलेत. मी त्यांची आई."

तिकडे कंपनीतली एक मुलगी होती. बोलण्यावरून साताऱ्याकडची वाटली. "अय्या, काकू, नमस्कार. सरांना उठवता का जरा? उद्याच्या फ्लाइटला माणूस कमी पडतंय. रस्ता पुन्हा बदललाय. येतील का, एवढंच विचारायचं होतं."

"अगं, पण त्याची सुट्टी आहे ना?"

"हो काकू. लांबच्या उड्डाणानंतरची ही सुट्टी झोपेसाठीच असते. नाही म्हणायचा हक्क आहे त्यांना. पण सर कधी नाही म्हणतच नाहीत ना, म्हणून आम्ही पहिला फोन त्यांनाच लावतो."

पहिला फोन त्यांनाच! माझं डोकं सणकलं, पण कुणावर ते मला धड कळेना. ह्या पोरीवर? ती बिचारी सांगितलं काम करत होती. कंपनीवर? तिकडे भांडत बसलेल्यांवर? की ज्या घरात पोराला नाही म्हणायला कुणी शिकवलंच नाही, त्या घरावर? म्हटलं, चला मंगलाबाई, आज शिकवून टाकू.

"सांग तुझ्या साहेबांना, नाही येणार."

"बरं काकू. कारण काय सांगू? घरी कार्यक्रम आहे का?"

"कार्यक्रम झाला."

"मग?"

मांडवात सगळे माझ्याकडे बघत होते. शकुबाईंच्या हातातला वाढण्याचा चमचा तसाच अधांतरी.

"माझा मुलगा दमलाय," मी म्हटलं.

मग ती हळूच म्हणाली, "बसून बसून पण दमतं हो माणूस, काकू. मी पण सकाळपासून ह्या फोनवर बसलेय."

"तू जेवलीस का गं?"

"नाही अजून."

"मग आधी जेव. दुसऱ्यांना नंतर छळ."

फोन बंद करून वळले, तर आमचे हे समोर. मांडवात दहा खुर्च्या रिकाम्या, पण हे आपले खांबाला धरून उभेच. माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, आता काहीतरी बोल लावणार.

"मंगल," ते म्हणाले, "मीपण दमलोय गं."

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तसे हे वाकले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि लेकाच्या शेजारी सतरंजीवर आडवे झाले. दोघांच्या मधे टकलू आयुष घुसला. मी शाल काढून तिघांवर घातली. पुरी पडत नव्हती, ओढून ओढून घातली.

पंगत खोळंबली होती. मी पुरणपोळ्यांची परात उचलायला गेले, तर शकुबाईंनी ती काढून घेतली. "वाढायला बायका हायेत. तुम्ही बसा जरा, विहीणबाई."

"मी बसून काय करू?"

"काय बी नाय करायचं," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.

मी बसले. आणि काय सांगू, माझे पाय किती दुखत होते, ते मला तेव्हा कळलं.