थर्मासची खोळ

नंदुरबारात मटणाच्या दुकानासमोर सगळ्यांत नेमाने उभा राहणारा माणूस म्हणजे आमच्या शेजारचे डॉक्टर, आणि त्यांनी जन्मात कांदासुद्धा खाल्लेला नाही. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, बाजारात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. हे मात्र मेडिकल कॉलेजात शिकवतात आणि आतडं मीठ-पाणी कसं शोषतं यावर संशोधन करतात. त्यासाठी बकऱ्याचं ताजं आतडं लागतं. आठवड्यातून दोनदा सकाळी सातला ते थर्मासमध्ये मिठाचं गार द्रावण घेऊन उभे असतात. तुकडा आत पडला की स्कूटरवरून अकरा मिनिटांत प्रयोगशाळा. रेल्वेचं फाटक लागलं तर एकोणीस. मी मागे बसून मोजली आहेत.

तिथे तो तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखा ताणतात आणि त्यातून वाहणारी इवलीशी वीज मोजतात. मेलेल्या आतड्यात वीज कसली, असं मी एकदा विचारलं तर दुखावले. "मेलेलं नाही हो, त्याला अजून कळलेलं नाही," म्हणाले. मिठातला सोडियम पेशी आत ओढतात तसा काटा हलतो, आणि साखर घातली की वर उडतो, कारण साखर आत शिरते ती सोडियमला सोबत घेऊनच. हे त्यांनी मला लोणखेड्याच्या एका लग्नात, भर पंगतीत, जिलेबी हातात धरून समजावलं. समोरचे दोघे ताटावरून उठले.

घरी मात्र यातलं ते काही बोलले नव्हते. पंधरा वर्षं निभावलं. मग कुणीतरी त्यांच्या आईंना सांगितलं, तुमचा मुलगा खाटकाकडे उभा असतो. आई ओरडल्या नाहीत. त्यांनी मुलाच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. रोज सकाळी डॉक्टर कोमट पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवत आणि तो तसाच राही. मी पेपर वाचायला तिथेच बसतो. तेवीस दिवस मोजले. डॉक्टरांनी आतड्याची आकृती काढून दाखवली, त्याने आणखीच बिघडलं. प्रयोग थांबले. डॉक्टरांचं जेवणही अर्ध्यावर आलं.

चोविसाव्या दिवशी खाटीक स्वतः आला. ओट्याखालीच उभा राहिला.

"माय, पंधरा वरीस व्हयनात, डॉक्टर फक्त आतडं लई जातस. मटणना भाव बी यासले माहीत नई."

आईंनी विचारलं, "यानासाठे बकरं कापतस का?"

"नई माय. दुकानसाठे कापतस. आतडं तं फेकाईच जास."

आईंनी मुलाकडे पाहिलं. "पाणी आन. पन पह्यले हात धोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मासला घरच्या दुकानातल्या मांजरपाटाची खोळ शिवली. लोकांना दिसू नये म्हणून, की थर्मासला धक्का लागू नये म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही.

आईंना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात थर्मास फुटला. कॉलेजातून नवा, मोठा आला, तो डॉक्टरांनी परत केला आणि मला घेऊन बाजारात निघाले. नऊ दुकानं झाली. आत पाणी किती मावतं, किती वेळ गार राहतं, हे त्यांनी एकाही दुकानात विचारलं नाही. खिशातून खोळ काढायची, चढवून बघायची, आणि पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवायची.