रोलची कुठली बाजू आधी?

मंडळी, आज सकाळी माझ्या कोकम सरबताच्या बाटल्यांवर लेबलं उलटी लागली. माझं लक्ष जाईपर्यंत चाळीस बाटल्या झाल्या होत्या. चूक मशीनची नाही, माझी आहे.

लेबलं लावायचं नवं मशीन घेतलं तेव्हा छापखानेवाल्याने फोनवर विचारलं होतं, "मॅडम, रोलमधून लेबलची कुठली बाजू आधी बाहेर यायला हवी, डावी की उजवी?" मी घाईत म्हणाले, "नेहमीसारखंच द्या." नेहमी आमच्याकडे लेबलं हाताने लागायची. हाताला कुठलीही बाजू चालते.

आज रोल फिरवून लावून पाहिला, तर तो उलट्या दिशेने सुटायला लागला आणि मशीनवर चालेना. दुपारी मांडव्याहून माल मुंबईला जायचा होता. शेवटी वंदनावहिनींना फोन केला. अकरा वर्षं त्याच लेबलं लावायच्या. मशीन आल्यावर मी त्यांना 'उद्यापासून नको' असं मेसेजवर कळवलं होतं. घरी जाऊन सांगायचं धाडस झालं नव्हतं.

त्या आल्या. उलटी लेबलं सोलली, बाटल्या पुसल्या आणि सगळ्या मालाला हाताने लेबलं लावली. फक्त एकदा म्हणाल्या, "मशीनला एवढं सांगायला लागतं व्हय? मला तर तुम्ही कधी सांगितलं न्हाय."

माल वेळेवर गेला. निघताना त्यांनी विचारलं, "उद्या येऊ ना, ताई?"

मी म्हणाले, "नवा रोल येईपर्यंत या."

त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या. माझ्या जागी तुम्ही काय उत्तर दिलं असतं?