लिफ्टमधला व्यायाम

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगतात, "या चरबीमुळे शरीराला आतून सूज येते. नुसतं चालून भागत नाही ना, वजनंही उचलायला पाहिजेत. दोन्ही केलं तरच सूज उतरते." वास येतो म्हणून मासेवाल्या मावशींना लिफ्टबंदी करणारी नोटीसही त्यांचीच. तिच्याखाली माझीही सही आहे.

परवा लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं कठडा धरून धापा टाकत उभे होतो. मागून मावशी डोक्यावर पाटी घेऊन आल्या. श्वास सावरत सेक्रेटरी त्यांनाही तेच समजावू लागले.

"सायब, बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या. "चौथ्यावर जायचंय, बर्फ वितळतोय."