जावयांनी जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या जावयांच्या घरात कुठल्याही नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. फ्रिजच्या दारावर ते अजून आहे, कडेने पिवळं पडून सुटलेलं, आणि दार उघडलं की फडफडतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. पिशवी इतकी मळली आहे की बटणांवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून सगळे अंदाजाने चॅनेल बदलतात. सोफ्यावरून उठताना सालपट सोलल्यासारखा आवाज येतो. आमचे हे गेल्यावर मी इथे राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लेकीला विचारलं की हे काढायचं तरी कधी. ती म्हणाली, "अगं आई, त्याने वस्तू टिकते असं ह्यांचं म्हणणं आहे."

वस्तू टिकते खरी. वापरायला मिळत नाही, एवढंच.

जावई परिवहन खात्याच्या भांडारात हेडक्लार्क आहेत. टायर, बॅटऱ्या, बसच्या काचा, झाडू, सगळं त्यांच्या सहीने आत येतं आणि त्यांच्या सहीने बाहेर जातं. संध्याकाळी ते कपाटांना कुलूप लावतात, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवतात आणि पट्टीवर सही करतात. ह्या कामात माणसाने हुशार असण्याची गरज नाही, पण आपण हुशार आहोत असं वाटायला भरपूर वेळ मिळतो. आमचे हे हयात असताना म्हणायचे, मुलगा हुन्नरी आहे. ह्यांची माणसांची पारख आयुष्यभर तशीच होती.

हुन्नर म्हणजे काय, तर घरात काहीही तयार आणायचं नाही, स्वतः जोडायचं. स्वयंपाकघरातली फळी त्यांनी स्वतः बसवली. तिच्यावरचे डबे हळूहळू एका कडेला सरकतात. फळी सरळ करण्याऐवजी त्यांनी त्या कडेला एक मोठा खिळा ठोकला आणि त्यावर मला म्हणाले, "बघा आई, डोकं चालवलं की सुतार लागत नाही." मी बघितलं. खिळाही वाकडा होता.

नातीला कॉम्प्युटर हवा झाला तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून मला तिची काळजी वाटली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या गेमिंगच्या संघात खेळते. त्या खेळातलं मला फारसं कळत नाही. पाचजण एका बाजूला, पाचजण समोर, आणि सगळे आपापल्या घरी बसून एकमेकांना गोळ्या घालतात. पण मुलगी त्यात चांगली आहे हे कळायला खेळ कळावा लागत नाही. एरवी अभ्यासाच्या पुस्तकावर पेंगणारी ही पोर तिथे ताठ बसते, एकदाही डोळे चोळत नाही, आणि बाकीचे चौघे तिला विचारून पुढे जातात. तिचा जुना लॅपटॉप तो खेळ सुरू करतानाच धापा टाकायचा. संघात राहायचं तर नवं मशीन हवंच होतं.

तिने चौकातल्या दुकानात एक तयार कॉम्प्युटर बघून ठेवला होता. मी तिच्याबरोबर जाऊन आले. दुकानातला विक्रेता पोपट होता, शिकवलेलं तेवढं बोलत होता, पण मशीन समोर चालू होतं, खेळ त्यावर पळत होता, वर्षाची गॅरंटी होती आणि किंमत घराला झेपणारी होती. नात घरी येऊन बापाला म्हणाली, हा घेऊ या. जावयांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हसले. ते हसतात तेव्हा मला त्यांच्या भांडाराची दया येते.

त्यांचं म्हणणं असं की तयार माल म्हणजे बाहेरून रंग आणि आतून भुसा. दुकानवाले नाव मोठं घालतात आणि आत स्वस्तातला पुरवठा करतात. कमी पैशात चांगला कॉम्प्युटर हवा तर सुटे भाग आणून घरीच जोडायचा, आता सगळं जग तेच करतं. हे त्यांना ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्या कोणीतरीने स्वतः तयार घेतला होता. नातीने विचारलं, बाबा, तुम्हाला जोडता येतो का? त्यावर लेक मध्येच म्हणाली, "ह्यांना न येणारं काय आहे?" तीस वर्षांपूर्वी ही मुलगी गणितात पहिली यायची.

मग खरेदी सुरू झाली. प्रत्येक भागासाठी तीन दुकानांचे भाव, त्यातला सर्वांत कमी. प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, ग्राफिक्स कार्ड कोणाच्या तरी मेव्हण्याकडून. भाव उतरतील म्हणून वाट बघण्यात अर्धं सत्र गेलं. रिक्षा, फेऱ्या, बदलून आणलेले भाग हे सगळं धरलं तर चौकातल्या दुकानाइतकेच पैसे गेले असणार, पण रिक्षाचे पैसे जावई खर्चात धरत नाहीत. तेवढा काळ नात मैत्रिणीकडे जाऊन खेळत होती आणि मैत्रिणीच्या आईचं तोंड वाकडं होत होतं.

जोडण्याचा समारंभ एका रविवारी जेवणाच्या टेबलावर झाला. मला स्क्रूची वाटी धरायला बसवलं होतं. लेक उजेड दाखवत होती. नात पुस्तिका घेऊन उभी होती आणि एकेक पायरी वाचून दाखवत होती, पण जावयांनी ती तिच्या हातातून घेऊन सोफ्यावर ठेवली. म्हणाले, पुस्तिका अडाण्यांसाठी असतात. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, आधी कागद वाच, मग सुई उचल. ज्या मुली ऐकत नसत त्यांच्या झग्यांना दोन डाव्या बाह्या लागायच्या. पण जावयाला सासूने काय सांगायचं? मी वाटी धरून बसले.

प्रोसेसर म्हणजे त्या यंत्राचं डोकं. ते तापतं, म्हणून त्याच्यावर धातूचा चपटा तळ असलेला पंखा घट्ट बसवतात आणि मध्ये थोडी पेस्ट लावतात, की उष्णता वर ओढली जावी. एवढं मला नातीने नंतर समजावलं. त्या दिवशी मी पाहिलं ते इतकंच, की जावयांनी पंखा उचलून त्याचा तळ उजेडात धरला, खिशातल्या रुमालाने पुसला आणि म्हणाले, "आरशासारखा आहे." मग तो दाबून बसवला.

कॉम्प्युटर सुरू झाला, ह्यात वाद नाही. लाल-निळे दिवे लागले. लेकीने टाळ्या वाजवल्या. कॅबिनेटच्या काचेवरचं प्लॅस्टिक अर्थातच तसंच ठेवलं होतं, त्यामुळे ते दिवे डबक्यात पडल्यासारखे दिसत होते. मग जावयांनी मागच्या स्क्रूंवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारखेनिशी सही केली. नातीने विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, कोणी उघडू नये म्हणून. ज्या माणसाला तयार मशीन नको होतं, कारण ते आतून बघता येत नाही, त्याने घरचं मशीन सीलबंद केलं.

त्या आठवड्यातच रडगाणं सुरू झालं. पत्रं लिहायला, बातम्या बघायला मशीन ठीक. खेळ सुरू केला की पंखा विमानासारखा गरजायचा आणि थोड्या वेळाने सगळं काळं. नात कपाळावर हात मारायची, आणि पलीकडून चौघांच्या हाका हेडफोनमधून मला ऐकू यायच्या. जावयांनी आधी विजेला दोष दिला. मग खोलीच्या खिडकीला. मग खेळाला, की तो हलक्या लोकांनी बनवलेला आहे. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे अंगणही त्यांनीच बांधलेलं. शेवटी त्यांनी माझ्या खोलीतला टेबलफॅन नेऊन मशीनसमोर ठेवला. मी घामाघूम झाले, मशीन तरीही बंद पडत राहिलं.

नात म्हणाली, बाबा, आतला प्रोसेसर भलताच तापतोय, इथे आकडा दिसतोय, एकदा उघडून बघू या. ते म्हणाले, बापाने जोडलेलं आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. बघण्यासारखं आत काय होतं, ते पुढे कळलं.

मग एका शुक्रवारी संघाच्या कॅप्टनचा निरोप आला. ती मुलगी वाईट नाही, पण ती तरी काय करणार? रविवारी दुपारी दुसऱ्या कॉलेजशी सामना होता, आणि नात त्यातही मध्येच गायब झाली तर तिच्या जागी दुसरीला कायमचं घ्यायचं ठरलं होतं. नात रडली नाही. ती जेवली नाही. लेक म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, ह्यांना वाईट वाटेल. ह्या घरात वाईट वाटण्याचा हक्कही एकाच माणसाकडे आहे.

शनिवारी जावई अर्ध्या दिवसाच्या कामाला गेले. मी नातीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "स्क्रू-ड्रायव्हर आण."

"आजी, सील आहे. बाबा घर डोक्यावर घेतील."

"सील मी फाडते. मला घराबाहेर काढायला त्यांना तीन दुकानांचे भाव मागवावे लागतील."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मी पट्टी फाडली, सहीच्या बरोबर मधोमध. तिने पुस्तिका समोर उघडून ठेवली आणि एकेक पायरी वाचत उलट्या क्रमाने पंखा सोडवला. तिचे हात बापासारखे धसमुसळे नाहीत. पंखा उचलून तिने उलटा केला आणि तशीच बघत राहिली. मग नखाने त्याच्या तळाची एक कड उचलली. पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक अलगद सुटून आलं. एका बाजूला पेस्ट माखलेली होती, आणि मधल्या भागाला उष्णतेने सुरकुत्या पडल्या होत्या. कडेला लाल अक्षरांत लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी हे काढून टाकावं.

आरशासारखं जे होतं, ते हे होतं.

आम्ही दोघी खूप हसलो. लेक दारात येऊन उभी राहिली, तिनेही ते बघितलं आणि तिला हसू आवरेना, तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली. नातीने जुनी पेस्ट कापसाने पुसली, उरलेल्या ट्यूबमधून नवी लावली, पंखा पुन्हा बसवला. मशीन सुरू केलं, खेळ लावला. पंखा फिरत होता, पण इतका हळू, की शेजारी बसून मला माझा श्वास ऐकू येत होता.

जावई दुपारी आले आणि आधी त्यांना फाटलेली पट्टी दिसली. सील कोणी तोडलं, असं त्यांनी विचारलं. मी तोडलं, असं मी सांगितलं. त्यावर काही बोलायच्या आत नातीने ते प्लॅस्टिक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. लाल अक्षरं वाचली. मग उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

"हे पंख्याबरोबरच आलं होतं," ते म्हणाले.

"बुटांबरोबर खोकंही येतं, बाबा," नात म्हणाली. "आपण ते घालून फिरत नाही."

लेक काही बोलली नाही, हे मला नवीन होतं. मग जावयांना मुद्दा सुचला. दुकानातून तयार घेतलं असतं तर ही चूक कधी सापडलीच नसती, कारण दुकानवाले उघडू देत नाहीत.

मी म्हटलं, "तयार घेतलं असतं तर ही चूक तिथे नसतीच, जावईबापू. आणि उघडू तर तुम्हीही देत नव्हता."

जावई ते प्लॅस्टिक उचलून आत गेले. टाकून दिलं असेल असं मला वाटलं. नंतर ड्रॉवरमध्ये सुई शोधताना मला ते सापडलं, धुऊन, पुसून, नीट घडी घालून ठेवलेलं.

रविवारी सामना झाला. जावई सबंध वेळ नातीच्या मागे उभे होते, कॅबिनेटच्या वर हाताचा पंजा धरून, तापलेल्या मुलाच्या कपाळावर धरावा तसा. मशीन एकदाही बंद पडलं नाही. संघ हरला. पण शेवटपर्यंत टिकून राहिलेली नातच होती, आणि कॅप्टनने सगळ्यांसमोर सांगितलं की हिची जागा पक्की. नातीने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. तिचे गाल लाल झाले होते. जावई म्हणाले, हरलात ना, पण ह्यात मशीनचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं की हेडक्लार्कसाहेबांनी घरी कॉम्प्युटर जोडला आणि तो दुकानापेक्षा सरस आहे. खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटने, जो स्वतः काय विकतो हे ठाऊक असल्यामुळे खरं म्हणजे सावध असायला हवा होता, आपल्या मुलासाठी तसाच एक जोडून मागितला. जावयांनी ताबडतोब हो म्हटलं.

एजंटकडे जोडायला जाण्याच्या दिवशी ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नातीच्या दाराशी घुटमळले. तिने मान वर केली नाही.

"चलतेस का?" ते म्हणाले. "पंख्याच्या खालचं बघायला कोणीतरी हवं."

लग्नापासून आजवर त्यांच्या तोंडून चूक कबूल झाल्याचं एवढं एकच वाक्य मी ऐकलं आहे, आणि त्यातही चूक हा शब्द नाही. नातीने माझ्याकडे बघितलं, उठली आणि पुस्तिका वाचायची असेल तरच येईन म्हणाली. ते हो म्हणाले.

ती परतली ती पोट धरून हसत. पंखा तिने बसवला, मशीन पहिल्या झटक्यात नीट चाललं. पण बाबांनी ह्या वेळी धडा घेतला होता. तिचं लक्ष नसताना त्यांनी प्रत्येक भागावरचं जे जे सुटेल ते ते नखाने काढलं, झाकणं, कागद, चिकटलेल्या पट्ट्या. त्यात 'ही पट्टी काढल्यास गॅरंटी रद्द' असं लिहिलेली पट्टीही गेली. विमा एजंटला ते अजून माहीत नाही.

आमच्या फ्रिजवरचं प्लॅस्टिक आहे तिथेच आहे.