आजोबांचा अल्सर आणि बाबांचं रक्त

आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. टायर फुटो नाहीतर ड्रायव्हर गायब होवो, काचेच्या खोलीतून तिचा सूर एकच: सपाट, सावकाश, शेवटच्या शब्दावर किंचित ओढ. मला तो हुबेहूब जमायचा, आणि मी काढला की तिला हसू आवरायचं नाही. कॅन्सरची बातमीही तिने त्याच सुरात दिली.

"मोठ्या आतड्यात आहे. उजवीकडे. ऑपरेशन ठरलंय. पाणी दे गं."

लगेच घरात कारणांचा बाजार भरला. चुलतआजी दर दोन शब्दांमागे एक सुस्कारा सोडते. "लग्न केलं असतंस... तर ही वेळ... आली नसती."

"नवरा काय आतड्यात राहतो, काकू?" आत्या म्हणाली.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, मग आत्याचं रक्त. निकाल सांगायला आत्या, बाबा आणि मी, आम्हा तिघांना बोलावलं. बाई प्रत्येक वाक्याला पेनाचं टोपण चटकन वाजवायच्या.

"नवी पेशी होताना जुनीतला मजकूर उतरवला जातो." चटक. "त्यातल्या चुका दुरुस्त करणारी सोय शरीरात असते. तुमच्या गाठीत ती बंद आहे." चटक. "आणि तुमच्या बाबतीत हा दोष घराण्यातून आलाय."

"असं किती जणांचं असतं?" बाबांनी विचारलं.

"आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर गाठी तपासल्या, तर साधारण पंधरांत ही सोय बंद सापडते. देशोदेशी आकडा खालीवर होतो. त्या पंधरांतही घराण्यातून आलेल्या थोड्याच. आपल्याकडे फारसं कुणी मोजलेलंच नाही. तुम्ही मात्र रक्त द्या. दोष निघाला तर आतडं वेळोवेळी तपासता येतं, गाठ व्हायच्या आधी."

बाहेर आल्यावर बाबांचा चेहरा पास झालेल्या पोरासारखा. "पंच्याऐंशी टक्के काही नसतं, ताई."

"ते शंभरही आजारीच होते रे. तू माझा सख्खा भाऊ. तुझं निम्मं-निम्मं आहे. नाणं उडवल्यासारखं."

बाबा रिक्षा शोधायला लागले.

मग आत्याने फोन स्पीकरवर ठेवून नातेवाईक धुंडाळले. आजोबा अल्सरने गेले, हे आम्हाला पाठ होतं. त्यांचा भाऊ, म्हणजे चुलतआजीचा नवरा, कशाने गेला? त्याच्या मुलाने, माझ्या चुलतकाकांनी, घसा खाकरला.

"ताई, पोरीचं जमत आलंय. आता कशाला ते? बाबा पडले आणि गेले."

"कुठून पडले?"

"...खाटेवरून."

"पोट किती फुगलं होतं तेव्हा?"

फोन कट झाला. "बाईंना सांग," आत्या मला म्हणाली, "आकडा का सापडत नाही ते. आपल्याकडे सगळे खाटेवरून पडतात."

त्यानंतर तिने एकच धोशा लावला: भावाने रक्त द्यावं. बाबा आज ऑफिस म्हणायचे, उद्या सर्दी. शेवटी एकदा घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "देऊन आलो. स्वच्छ आहे सगळं." आत्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "बरं झालं" म्हणाली.

तिची गाठ परत आली. वॉर्डात मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा डॉक्टरीणबाई डोकावल्या. "भाऊ रक्त द्यायला कधी येणार?"

मी आत्याकडे बघितलं. तिला काही नवीन वाटलेलं दिसलं नाही.

"ड्रायव्हरला फोन केला की तो म्हणतो, सुटलोय," ती म्हणाली. "असतो आगारातच."

ती गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबा सांगत होते, "टेन्शन फार घ्यायची हो. बैठं काम." चुलतकाका मान डोलवत होते. त्यांच्या पोरीचं जमलं होतं.

मला अठरावं पूर्ण झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता स्वतःच्या सहीने रक्त देता येईल. मी घरी सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुला काय गरज? माझं स्वच्छ आहे ना."

"मग माझंही स्वच्छच निघेल."

"उगाच कशाला सुया टोचून घेतेस?"

"बाबा, आत्याचा दोष माझ्यात सापडला, तर तो तुमच्यातूनच आलेला असणार. मग तुमचंही कळेल, तुम्ही न जाता."

ते रिमोटची बटणं अंगठ्याने पुसत बसले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "थोडी थांब ना, बाळा. पुढच्या वर्षी जा."

मी सकाळचा पहिला नंबर लावला आहे.